टोपी ओळखा, मग क्रियापद चालवा: फ्रेंचच्या इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्हबद्दल

प्रश्न असा आला आहे: "मी फ्रेंचच्या सी-१ पातळीची तयारी करते आहे. जुन्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या की पानोपानी इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्ह भेटतो. व्याकरणाच्या पुस्तकात प्रत्येक क्रियापदाची सहा-सहा रूपं दिली आहेत. ती सगळी पाठ करायची का? आणि एका फ्रेंच मैत्रिणीशी बोलताना मी उत्साहाच्या भरात 'क वू पार्लासिए' (तुम्ही बोलावं) असं म्हणाले, तर ती खो खो हसली. माझं चुकलं काय?"

व्याकरणात तुमचं काहीच चुकलं नाही. रूप अगदी बरोबर होतं, आणि हसू आलं ते त्यामुळेच. कुणी चहाच्या टपरीवर येऊन "काल मी आपणांस भेटावयास येता झालो" असं म्हणालं तर आपण व्याकरणाची चूक काढणार नाही, पण चहा मात्र नाकातून बाहेर येईल. तसंच झालं ते.

आता पाठांतराचं. सब्जंक्टिव्ह म्हणजे ढोबळमानाने आपला 'यावा-असावा'चा विध्यर्थ, आणि इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्ह म्हणजे त्याचं भूतकाळाबरोबर येणारं रूप. सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवते आणि जमेल तसं भाषांतरही करते. एवढ्या काळात या काळाची सहाच्या सहा रूपं कुणाला पाठ करायला लावलेली नाहीत. पासे सँप्ल, म्हणजे पुस्तकी फ्रेंचचा साधा भूतकाळ, येत असेल तर हा काळ तुम्हाला जवळजवळ येतोच. येत नसेल तर तक्ते घोकून तो येणार नाही. म्हणून आधी बनवायचं कसं ते सांगते. मग त्यातलं किती प्रत्यक्ष लागतं ते बघू. उत्तर ऐकून तुम्हाला हायसं वाटेल.

(देवनागरीत लिहिते आहे म्हणून एक खुलासा. 'फ्यू', 'द्यू', 'यू' असं जिथे लिहीन तिथे ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल करायचे आणि आत जीभ 'ई'ची ठेवायची. आपल्या 'ऊ'ला तिथे जागा नाही.)

युक्ती एका ओळीची आहे. पासे सँप्लमधलं 'त्यू'चं, म्हणजे 'तू'चं रूप घ्या आणि त्याला एस-ई जोडा. 'पार्ले' म्हणजे बोलणे. पासे सँप्लमध्ये 'त्यू पार्ला', स्पेलिंग पी-ए-आर-एल-ए-एस. शेवटचा एस मुका. त्याला एस-ई जोडलं की दोन एस शेजारी आले आणि मुका होता तो बोलायला लागला: 'क ज पार्लास', मी बोलावं ('क' म्हणजे 'की', 'ज' म्हणजे 'मी'). पुढे 'क त्यू पार्लास' (शेवटी आणखी एक मुका एस), 'क नू पार्लासियाँ', 'क वू पार्लासिए', 'किल पार्लास' (अनेकवचनी 'ते', शेवटी मुकं ई-एन-टी). राहिला एकवचनी 'तो' किंवा 'ती'. तिथे मात्र दोन एसची ही वरात नाही. ते रूप आहे 'किल पार्ला', आणि लिहिताना शेवटच्या ए-वर टोपी आणि पुढे टी. आक्साँ सिरकाँफ्लेक्स हे त्या टोपीचं पूर्ण नाव. वर्गात आम्ही टोपीच म्हणतो, आणि फ्रेंच पोरंसुद्धा छोटी टोपीच म्हणतात.

रूप बनवायच्या या युक्तीला अपवाद नाही. 'एत्र' (असणे) घ्या: त्यू फ्यू, म्हणून क ज फ्यूस. 'आव्वार' (जवळ असणे): त्यू यू, म्हणून क ज यूस. 'व्हनिर' (येणे) इतकं वाकडं क्रियापद, तेही निमूट ऐकतं: त्यू वँ, म्हणून क ज वँस. फ्रेंच व्याकरणावर लिहिताना 'अपवाद नाही' असं लिहायची संधी क्वचित मिळते, म्हणून दोनदा लिहिते: अपवाद नाही. काही क्रियापदांना पासे सँप्लच नाही. त्यांना अर्थातच हेही नाही. 'त्रेर' म्हणजे दूध काढणे, त्यातलंच एक. फ्रेंच गवळ्याला या काळात धार काढता येत नाही.

म्हणजे सगळा भार पासे सँप्लचा स्वर ओळखण्यावर आला. त्या स्वरांची चार घराणी. 'ई-आर'ने संपणाऱ्या सगळ्या क्रियापदांचा 'आ', त्यात 'आले' (जाणे) सुद्धा. 'फिनिर'सारख्यांचा (संपवणे) 'ई', आणि त्याच घरात करणे, बघणे, सांगणे, घेणे, ठेवणे, लिहिणे ही रोजची मंडळी: फीस, वीस, दीस, प्रीस, मीस, एक्रिवीस. तिसरं 'यू'चं घराणं: असणे, शकणे, जाणणे, लागणे, वाचणे, पिणे, धावणे, मरणे, जगणे. चौथं नाकातल्या 'अँ'चं. त्यात 'व्हनिर', 'तनिर' (धरणे) आणि त्यांना उपसर्ग लागून झालेली पिलावळ, एवढंच.

इथे विद्यार्थी एका ठरावीक ठिकाणी घसरतात. भूतकाळवाचक धातुसाधित, म्हणजे पासे काँपोझेत, रोजच्या बोलण्यातल्या भूतकाळात, लागतं ते रूप, त्यांना पाठ असतं, आणि स्वर तिथूनच उचलतात. 'व्वार'चं (बघणे) 'व्यू', मग इथेही 'व्यूस' असेल. नाही, 'वीस'. 'राँद्र'चं (परत करणे) 'राँद्यू', पण इथे 'राँदीस'. 'व्हनिर'चं 'व्हन्यू', पण इथे 'वँस'. याउलट 'मुरिर'चं (मरणे) 'मॉर', आणि इथे 'मुर्यूस'. 'नेत्र'चं (जन्मणे) 'ने', आणि इथे 'नाकीस'. तेव्हा धातुसाधिताला विचारायला जाऊ नका, ते पुष्कळदा चुकीचा पत्ता सांगतं. पासे सँप्ललाच विचारा.

'फिनिर'च्या जातीची आणखी एक गंमत. 'क ज फिनिस' हा वर्तमान सब्जंक्टिव्हही आहे आणि इंपर्फेक्टही. सहापैकी पाच रूपं अक्षरशः तीच. फरक फक्त एकवचनी 'तो'त: वर्तमानात 'किल फिनिस', इंपर्फेक्टमध्ये 'किल फिनी', आय-वर टोपी, पुढे टी. म्हणजे अख्ख्या जातीत हा काळ वेगळा असल्याचा पुरावा एकच रूप देतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कुठे वापरतात? जुना नियम सरळ आहे. मुख्य वाक्य वर्तमानात असेल तर 'की'नंतर वर्तमान सब्जंक्टिव्ह: 'ज वो किल वियेन', तो यावा असं मला वाटतं. मुख्य वाक्य भूतकाळात गेलं किंवा संकेतार्थी ('झालं असतं'सारखं) झालं, तर मागचं क्रियापदही एक पायरी खाली उतरतं: 'ज वुले किल वँ', तो यावा असं मला वाटत होतं. मुख्य क्रियेच्या आधीच घडून गेलेलं असेल तर 'यू' किंवा 'फ्यू' आणि पुढे धातुसाधित, म्हणजे प्लुपर्फेक्ट सब्जंक्टिव्ह.

आता वरची दोन मराठी वाक्यं पुन्हा वाचा. 'तो यावा असं मला वाटतं', 'तो यावा असं मला वाटत होतं'. आपला 'यावा' जागचा हलला नाही. मराठीत मुख्य क्रियापद कितीही मागच्या काळात जाऊ दे, विध्यर्थ आहे तिथेच उभा राहतो. आजचं बोली फ्रेंच नेमकं असंच वागतं: 'ज वुले किल वियेन'. पॅरिसमधला प्राध्यापकसुद्धा जेवणाच्या टेबलावर असंच बोलतो. तेव्हा मराठी माणसाला बोलण्यापुरतं इथे शिकण्यासारखं काही नाही. आपल्या भाषेची सवय तशीच फ्रेंचमध्ये न्यायची, ती बरोबर निघते. असा योग परत येणार नाही.

हे असं का झालं, ते बघण्यासारखं आहे. पहिलं कारण म्हणजे आधारच गेला. बोलण्यातून पासे सँप्ल हटला, त्याची जागा पासे काँपोझेने घेतली, आणि ज्या रूपावरून हे रूप बनायचं तेच पोरांच्या कानावर पडेनासं झालं. मुळं सुकली की वरच्या पानांचं काय होणार? दुसरं कारण आवाजाचं. 'आस' हा शेवट फ्रेंच कानाला हलका लागतो. 'पापिए' म्हणजे कागद, 'पापरास' म्हणजे नकोशा कागदांचा ढिगारा. 'वँ' म्हणजे वाइन, 'विनास' म्हणजे भिकार वाइन. त्यामुळे 'पार्लास' म्हटलं की क्रियापदाला कुणी नाव ठेवल्यासारखं वाटतं. त्यात भर म्हणून दुसऱ्याच शब्दांसारखे ऐकू येणारे शब्द. 'मला शकता यावं' या अर्थाचं 'क ज प्यूस', आणि 'प्यूस' म्हणजे पिसू. 'मी जाणावं' हे 'क ज स्यूस', आणि तोच उच्चार चोखण्याचा. 'मी बघावं' हे 'क ज वीस', आणि स्क्रू पिळणारा माणूसही 'ज वीस'च म्हणतो. 'आम्ही कानशीनं घासावं' हे 'क नू लिमासियाँ' झालं की ऐकणाऱ्याला गोगलगाय आठवते, तिला 'लिमासाँ' म्हणतात. फ्रेंच विनोदी लेखकांनी यावर मनसोक्त हात धुऊन घेतले आहेत. तुमची मैत्रीण हसली ती याच वारशातून.

पण जरा नीट बघा. हे हसू कुठल्या रूपांना येतं? दोन एसवाल्यांना. मी, तू, आम्ही, तुम्ही, अनेकवचनी ते. एकवचनी 'तो'च्या रूपात ते दोन एस नाहीतच. 'किल पार्ला', 'किल फ्यू', 'किल वँ' ही पासे सँप्लसारखीच ऐकू येतात, कानाला खुपत नाहीत. म्हणून बाकीची पाच रूपं मेली आणि हे एकटं टिकलं. शिवाय कादंबरी सांगितली जाते ती 'तो' आणि 'ती'ची.

मराठीत हेच घडलेलं आहे, आपल्याला ते जाणवत नाही एवढंच. आपला रीतिभूतकाळ आठवा. 'राजा रोज शिकारीला जाई', 'आजी पहाटे उठे आणि दळण दळी'. वाचायला किती सहज वाटतं. आता तोच काळ 'आम्ही'त चालवा: 'आम्ही रोज नदीवर जाऊ'. हा भूतकाळ आहे असं आज कुणाला वाटेल? सगळ्यांना वाटेल की उद्यापासूनचा बेत चालू आहे. 'तुम्ही'त तर 'तुम्ही रोज नदीवर जा', म्हणजे चक्क हुकूम. म्हणून आपण 'जायचो', 'जायचात' म्हणू लागलो आणि 'जाई' तेवढा गोष्टीतल्या राजासाठी ठेवला. वर्गात मी हे सांगते तेव्हा इंपर्फेक्ट सब्जंक्टिव्हची भीती एकदम निम्म्यावर येते, कारण 'जाई' कुणी पाठ केलेला नसतो आणि तरी वाचताना कुणीही अडत नाही. तुम्हालाही फ्रेंचच्या बाबतीत तिथपर्यंतच पोचायचं आहे.

सरकारनेही हे मान्य करून टाकलं आहे. २६ फेब्रुवारी १९०१ च्या फ्रेंच मंत्रालयीन आदेशाने संकेतार्थी मुख्य वाक्यानंतर वर्तमान सब्जंक्टिव्ह चालेल असं ठरवलं: 'इल फोद्रे किल वियेन' लिहा नाहीतर 'किल वँ' लिहा, परीक्षकाने दोन्ही सोडून द्यावं. २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने हीच सवलत भूतकाळी मुख्य वाक्यालाही दिली. म्हणजे 'ज वुले किल वियेन' हे आज परीक्षेतसुद्धा चूक नाही.

आता टोपीकडे येऊ. खरं काम तिथेच आहे.

फ्यू. एफ-यू-टी. टोपीशिवाय लिहिलं तर 'होता', पासे सँप्ल. यू-वर टोपी घातली तर 'असावा', सब्जंक्टिव्ह. उच्चार तोच. यू (ई-यू-टी), फी (एफ-आय-टी), वँ (व्ही-आय-एन-टी), दी (डी-आय-टी), सगळ्यांचं हेच. 'आ' घराण्यात जरा बरं आहे, कारण पासे सँप्लमध्ये शेवटी टी नसतो आणि इथे असतो. बाकी घराण्यांत टोपी हाच एकमेव पुरावा.

ही टोपी आली कुठून? ती एका मेलेल्या एसचा दगड आहे. हा काळ लॅटिनच्या प्लुपर्फेक्ट सब्जंक्टिव्हमधून आला: 'कांताविस्सेम', आखडून 'कांतास्सेम', त्याचं फ्रेंच 'शांतास'. ते दोन एस थेट लॅटिनचे आहेत. एकवचनी 'तो'त 'कांतास्सेत'चं जुन्या फ्रेंचमध्ये 'शांतास्त' झालं, मग टीच्या आधीचा एस बोलण्यातून गेला. लिहिण्यात मात्र तो शतकानुशतकं रेंगाळला. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या १७४० च्या तिसऱ्या आवृत्तीने असे पुष्कळ मुके एस काढून टाकले आणि त्यांच्या जागी वर टोपी बसवली.

आपल्याकडचा अनुच्चारित अनुस्वार आठवतो का? नांव, पांच, केलें, घरीं. तोही गेलेल्या आवाजाची खूण होता, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण तो पुसून टाकला. बहुतेक ठिकाणी काही बिघडलं नाही. पण 'ते घोडे' असं लिहिलं की अनेक घोडे की एकच घोडं, हे आता पुढचं वाक्य बघून ठरवावं लागतं. पूर्वी 'तें घोडें' म्हटलं की प्रश्न मिटत असे. फ्रेंचांनी १९९० साली लेखनसुधारणा केली तेव्हा आय आणि यूवरच्या पुष्कळ टोप्या ऐच्छिक केल्या. या काळातल्या टोपीला मात्र हात लावला नाही. 'होता' आणि 'असावा' यांतला फरक कागदावर दाखवायला दुसरं काही उरलेलंच नव्हतं.

लिहिताना टोपी घालायची की नाही, हे ठरवायची वर्गातली कसोटी अशी: त्या जागी वर्तमान सब्जंक्टिव्ह ठेवून बघा. 'फ्यू'च्या जागी 'स्वा' बसतं का, 'वँ'च्या जागी 'वियेन' बसतं का? बसलं तर टोपी. न बसलं तर दुसरी कसोटी: 'यू'च्या जागी 'ओरे', म्हणजे 'असतं' या अर्थाचं संकेतार्थी रूप, बसतं का? बसलं तरी टोपी. दोन्ही बसत नसतील तर डोकं उघडं ठेवा.

हे एका जोडीवर करून बघू. 'आवाँ किल फ्यू पार्ती', तो निघून जाण्यापूर्वी. 'आप्रे किल फ्यू पार्ती', तो निघून गेल्यावर. कानाला एका शब्दाचा फरक. पण 'आवाँ क'ला सब्जंक्टिव्ह लागतो, कारण गोष्ट अजून घडलेली नाही. म्हणून पहिल्या 'फ्यू'ला टोपी. 'आप्रे क'नंतर घडून गेलेली गोष्ट येते, निश्चयार्थ; म्हणून दुसऱ्याला टोपी नाही. यात फ्रेंच लोकही सर्रास चुकतात, छापील पुस्तकांतसुद्धा 'आप्रे किल यू'वर विनाकारण टोपी दिसते. दिसली तर समजा की लिहिणाऱ्याला भारदस्त लिहायचं होतं आणि घाई होती.

टोपी दिसली की सब्जंक्टिव्ह, असं उलट मात्र धरू नका. 'नू पार्लाम', 'वू पार्लात' ही पासे सँप्लची 'आम्ही-तुम्ही'ची रूपंही टोपी घालतात. 'आईर' (द्वेष करणे) याच्या आयवर आधीच दोन टिंबं असल्यामुळे तिथे टोपी बसतच नाही. आणि 'क्र्वात्र' (वाढणे) हे क्रियापद 'क्र्वार'शी (विश्वास ठेवणे) गोंधळ होऊ नये म्हणून पासे सँप्लमध्येही टोपी घालून फिरतं. पण एकवचनी 'तो'च्या सब्जंक्टिव्हमध्ये दोघांचंही रूप टोपीवालं 'क्र्यू' होतं, म्हणजे गोंधळ टाळायला घातलेली टोपी नेमकी तिथे निकामी. एका मुलाने 'साँ क ला फिएव्र क्र्यू' याचं भाषांतर 'तापाचा विश्वास न बसता' असं केलं होतं. 'ताप न वाढता' एवढंच होतं ते. ती वही मी जपून ठेवायला हवी होती.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. घरात आजी-आजोबांचं पोर्तुगीज कानावर पडलेलं असेल, तर हाच लॅटिन काळ तुम्ही जिवंत ऐकला आहे. 'से एउ सोबेस', मला माहीत असतं तर. पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियनमध्ये तो बाजारात, स्वयंपाकघरात, भांडणात सगळीकडे वापरतात. पणजीची एक विद्यार्थिनी होती. तिला बाकीच्यांपेक्षा ही रूपं दहापट लवकर आली आणि 'जर'च्या वाक्यांत ती बाकीच्यांपेक्षा दहापट जास्त चुकली. कारण फ्रेंचमध्ये 'सी'नंतर साधा इंपर्फेक्ट येतो: 'सी ज सावे'. तिथे 'स्यूस' लावायचं नाही. फक्त जुन्या साहित्यिक शैलीत 'सिल यू' आणि पुढे धातुसाधित, असा प्लुपर्फेक्ट चालतो.

आता जे खरंच जिवंत आहे ते. काही ठोकळे वर्तमानपत्रात आणि शिकल्यासवरल्या बोलण्यात अजून येतात, आणि ते शिकून ठेवण्यासारखे आहेत, कारण त्यांना मराठीत सुंदर प्रतिशब्द सापडतात. 'न फ्यूस क': 'न फ्यूस क पूर यून अर', एका तासासाठी का होईना. हे 'का होईना' मला सापडलं त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. त्याआधी कितीतरी वर्षं 'फक्त एका तासासाठी जरी असलं तरी' असलं लाकडी काहीतरी लिहीत होते. मग 'द्यूतिल': क्रियापद आधी, कर्ता मागे, आणि 'जरी'चा अर्थ. 'द्यूतिल आँ मुरिर', त्यात जीव गेला तरी बेहत्तर. हेच 'मी'त 'द्यूसेज' होतं, आणि मेलेल्या पाचांपैकी हे एक अधूनमधून उठून बसतं. 'की ल्यू क्र्यू?', कुणाच्या ध्यानीमनी होतं? 'इल यू फाल्यू', करायला हवं होतं. या दोन्हींत 'यू'ला टोपी, कारण 'ओरे' बसतं.

आणि 'प्ल्यूतो सिएल', शब्दशः स्वर्गाला आवडतं तर. इथे जपा. 'प्लेज आ दिओ' हा वर्तमान, त्याचं मराठी 'देव करो आणि असं होवो', आशा शिल्लक आहे. 'प्ल्यूतो सिएल'मध्ये आशा संपली आहे, किंवा संपल्यातच जमा आहे: 'असं झालं असतं तर आणखी काय हवं होतं'. भाषांतरात दोन्हीकडे 'देव करो' लिहिलं तर पात्र जे गमावून बसलंय तेच मागत राहिल्यासारखं दिसतं. माझ्या हातून एकदा असं छापून गेलं आहे.

परीक्षेत वापरायचं का? मी विद्यार्थ्यांना सांगते की निबंधात नको. निबंधाची भाषा आजची असते, त्यात एक 'फ्यूसियाँ' म्हणजे जीन्सवर फेटा. गोष्ट लिहायला सांगितली आणि तुम्ही ती पासे सँप्लमध्ये लिहीत असाल, तर मात्र एकवचनी 'तो-ती'त टोपीवाली रूपं लिहा. शैली एकसंध दिसेल. पासे काँपोझेत लिहीत असाल तर तिथेही वर्तमान सब्जंक्टिव्हच. काहीही असलं तरी 'आम्ही-तुम्ही'ची रूपं लिहू नका. ती फक्त ओळखायची.

ओळखायचा सराव असा करा. हातात पेन्सिल घेऊन जुनी फ्रेंच गोष्ट वाचा आणि क्रियापदावर टोपी दिसली की खूण करा. समासात वर्तमान रूप लिहा: स्वा, ए, वियेन, फास. महिनाभरात समास रिकामे राहायला लागतात.

वर्गासाठी मी एक वाक्य बनवलं आहे, त्यावर सगळे हात बसवून घेतात. 'क्वाकिल फ्यू तार ए केल यू फ्र्वा, एल आताँदी किल वँ, द्यूतेल ई पासे ला न्युई.' पाच क्रियापदं, सगळी एकवचनी तृतीय पुरुषात. 'क्वाक' म्हणजे जरी, त्याला सब्जंक्टिव्ह लागतो, म्हणून 'फ्यू'ला टोपी. 'केल' हे त्याच 'जरी'चं दुसरं टोक, म्हणून 'यू'लाही टोपी. 'आताँदी', तिने वाट पाहिली, हे मुख्य क्रियापद. शेवटी आय-टी, टोपी नाही, आणि विद्यार्थी हमखास घालतात ती इथेच. 'वाट पाहणे'नंतरच्या 'की'ला सब्जंक्टिव्ह, म्हणून 'वँ'ला टोपी. 'द्यूतेल' उलट क्रमातला 'जरी', टोपी. आता मराठीत: उशीर झाला होता, थंडीही वाजत होती, तरी तो येईपर्यंत ती थांबली, मग तिथेच रात्र काढावी लागली तरी बेहत्तर.

तुमच्या हाताशी असलेल्या कादंबरीतलं असंच एक लांब वाक्य निवडा आणि पाठवा. स्पेलिंग जसंच्या तसं, टोप्यांसकट.